कातर घ्यायच्या आधी मशिनीच्या लाइनी बघा

पोकलेनला बसवायची, झाडं कापायची कातर पहिल्यांदा भाड्यानं आणली त्या दिवशी सकाळी साडेअकराला ती एका वाळलेल्या बाभळीच्या बुंध्यात रुतून बसली. पातं निम्म्याच्या थोडं पुढं गेलं आणि थांबलं. ऑपरेटरनं पॅडल दाबून धरलं तसं इंजिन दबलं, तेलाच्या टाकीला हात लाववेना. बरं, मागं घ्यावी म्हटलं तर जबडा उघडेना. शेवटी चेनसॉवाल्याला बोलावून बुंधा वरून-खालून कापला आणि जबड्यात तो ओंडका तसाच धरून मशीन सावलीला उभी केली. कागदावर कातरीची क्षमता छापली होती ३०० मिलिमीटर. आम्ही बुंधा मोजला तर भरला २४०.

मी विक्रेत्याला फोन करून जे बोलायचं ते बोललो. पण दोष बराचसा माझ्याच मशिनीत होता, हे कळायला पुढं दोन महिने गेले. ते दोन महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

माझ्याकडं दोन मशिनी आहेत, एक वीस टनी आणि एक सात टनी. इंदापूर, करमाळा, बारामती हा आमचा टापू. कालव्याच्या चाऱ्या, पाझर तलाव, शेततळी, रस्त्याकडेची झाडं अशी कामं. इकडं एक्स्कॅव्हेटरला सगळे पोकलेनच म्हणतात. पोकलेन ही मूळची फ्रान्सची कंपनी, एल अँड टीनं तिच्या मशिनी भारतात बनवल्या आणि नाव असं चिकटलं की आता कुठल्याही चेनच्या मशिनीला लागतं. कातर म्हणजे कंपनीवाले ज्याला ट्री शिअर म्हणतात ती. बकेट काढून तिथं बसवायचा हायड्रॉलिक जबडा, त्यात एक जाड पातं. ते झाडाचा बुंधा दाबून कापतं. करवतीसारखा भुसा पाडत नाही, सुपारी अडकित्त्यात धरावी तसं चिरडत कापतं. चिरडत कापतं ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढं दोनतीनदा लागणार आहे.

आधी कातर लागते का ते ठरवा. मला फोन करणाऱ्या निम्म्या लोकांना ती लागत नाही. शेत साफ करायचंय, येडी बाभळ माजलीय, तर बकेटनं मुळासकट उपटा. ही बाभळ मेक्सिकोकडची, एकोणिसाव्या शतकात भारतात आणली, आणि वरून कापली की पावसाळ्यात एका खोडाला दहा फुटवे फुटतात. कातर लावून रान साफ करून दिलं तर शेतकरी दिवाळीत तुम्हाला परत बोलावेल, पैसे द्यायला नाही. सागाच्या किंवा आंब्याच्या फळ्या काढायच्या असतील तरी कातर नको. चिरडलेला बुंधा वीतभर, कधी हातभर आत चिरतो आणि वखारवाला तेवढं लाकूड मापात धरत नाही. निलगिरी किंवा सुबाभूळ खोडव्यासाठी, म्हणजे कापल्या जागी पुन्हा फुटायला, ठेवायची असेल तर तिथंही चेनसॉच बरा. खोड फाटलं की पाणी मुरतं, खोड कुजतं, नवे फुटवे जोर धरत नाहीत. ऊस तोडणाऱ्याला खोडव्याचं महत्त्व सांगावं लागत नाही, झाडांच्या बाबतीत मात्र लोक विसरतात.

मग कातर कुठं कमावते? कालव्याच्या आणि तलावाच्या भरावावर. भरावातून मोठं झाड उपटलं की मुळाच्या जागी पोकळी राहते आणि आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं, की ते तिथून वाट काढतं. म्हणून तिथं झाड जमिनीलगत कापून घ्यायचं असतं, उपटायचं नसतं. दुसरं, रस्त्याकडेला आणि तारांजवळ, जिथं झाड पाडायचं नसतं, धरून अलगद बाजूला आडवं ठेवायचं असतं. आणि तिसरं म्हणजे काट्यांच्या जाळ्या, जिथं चेनसॉ घेऊन माणूस आत शिरूच शकत नाही. येडी बाभळीचा काटा जेसीबीच्या टायरमधून आरपार जातो. आमच्या गावातल्या एका जेसीबीवाल्यानं एका चारीच्या कामात चार पंक्चर काढली आणि काम अर्धं टाकून गेला. चेनच्या मशिनीला ती भीती नाही. कापलेलं लाकूड ब्रिकेटवाल्याला, वीटभट्टीला किंवा कोळशाच्या भट्टीला जाणार असेल तर बुंधा चिरला काय नि फाटला काय.

याच कामाला दुसरी अवजारंही आहेत. ग्रॅपल सॉ, म्हणजे पकडीत चेनसॉ बसवलेली. ती स्वच्छ कापते, जाड झाडं घेते, पण चेन तुटते, गाइड बार वाकतो आणि बुंध्याला मातीचा गोळा चिकटलेला असेल तर चेन अर्ध्या दिवसात बोथट. मल्चर झुडपं जागच्या जागी कुटून टाकतो. पण त्याला तेल भरमसाट लागतं आणि लाकूड विकायला काही उरत नाही. आमच्याकडं लाकडाचेच थोडे पैसे सुटतात, म्हणून मी तिकडं गेलो नाही.

आता झाडं मोजा. अंदाज नको, टेप घेऊन जा. ज्या कामासाठी कातर घेताय तिथली पन्नास-साठ झाडं मोजा, आणि छातीच्या उंचीवर नाही, जिथं कापणार तिथं, जमिनीपासून वीतभर वर. बुंधा खाली फुगलेला असतो. छातीजवळ आठ इंच जाडीचं झाड खाली दहा-अकरा इंच भरतं. घेर मोजून ३.१४ नं भागलं की जाडी मिळते. शेतात उभं राहून करायचं तर तीननं भागा, थोडं जास्त येतं ते तुमच्याच फायद्याचं. तीन फूट घेर म्हणजे जवळपास फूटभर जाडी. येडी बाभळीला एका जागी चार-पाच खोडं असतात, ती वेगवेगळी मोजा, पण खाली जोडली आहेत का तेही बघा. जबडा त्या बेचक्यात नीट बसत नाही.

हे मोजमाप वहीत उतरल्यावर कंपनीचा कागद उघडा. त्यावरचा जाडीचा आकडा बहुतेक वेळा ओल्या, मऊ लाकडाचा असतो. आपल्या बाभळीचं लाकूड त्यातलं नाही, आणि वाळलेलं असेल तर बोलायलाच नको. माझा हिशोब असा: ओली सुबाभूळ किंवा निलगिरी असेल तर छापील आकड्यातून पाचवा हिस्सा वजा, ओली बाभूळ असेल तर तिसरा हिस्सा वजा, आणि उभी वाळलेली बाभूळ असेल तर निम्मा. ३०० ची कातर वाळलेल्या बाभळीला १५० ची धरायची. हा शास्त्राचा नियम नाही, अंगावर आलेला अनुभव आहे. जाडी दीडपट झाली की कापायचं लाकूड सव्वादोनपट होतं, हे मात्र साधं गणित आहे. आठ इंच लीलया कापणारी कातर बारा इंचाला का कण्हते त्याचं उत्तर त्यात आहे.

पण हे सगळं आकडे जुळवून कातर घेतली तरी ती तुमच्या मशिनीवर तसं काम करेल असं नाही, कारण ताकद कातरीत नसते. ती मशिनीच्या तेलातून येते. इथं जरा थांबून वाचा.

बहुतेकांच्या मशिनीला ब्रेकरची, म्हणजे खडक फोडायच्या हातोड्याची, तेलाची लाइन असते. विक्रेता विचारतो, लाइन आहे ना? आपण म्हणतो, आहे. दोघांचं समाधान. पण ब्रेकरची लाइन वन-वे असते. एका पाइपातून दाबाचं तेल जातं, ब्रेकर आपटतो, दुसऱ्या पाइपातून तेल मोकळं होऊन टाकीत परत येतं. परतीच्या पाइपात दाब जवळजवळ नसतोच, म्हणून तो पाइप, त्याची होज (रबरी नळी) आणि वाटेतला फिल्टर सगळं हलक्या दाबाचं असतं. कातरीला दोन्ही बाजूंनी दाब लागतो, एकीकडून जबडा मिटायला आणि दुसरीकडून उघडायला. म्हणजे लाइन टू-वे पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका मशीनवाल्यानं वन-वे लाइनवरच होजा अदलून-बदलून काम भागवायचं ठरवलं. पहिल्याच उलट्या दाबाला परतीच्या फिल्टरची वाटी फुटली आणि टाकीतलं तेल उसाच्या सरीत.

ओळखायचं कसं? मशीन बंद करा, आर्मजवळ, म्हणजे बकेट लटकते त्या पुढच्या हाताजवळ, उभे राहा. दोन्ही अंगांना पाइप दिसतील, शेवटाला बंद करायचे कॉक. परतीचा पाइप धरून मागं मागं जा, बूमवरून (बॉडीकडच्या मोठ्या हातावरून) खाली, थेट बॉडीपर्यंत. तो मेन व्हॉल्व्हकडं न जाता सरळ फिल्टरला आणि टाकीला गेला असेल तर लाइन वन-वे. काही मशिनींत त्या वाटेवर एक तीन तोंडांचा कॉक असतो, तो फिरवला की परतीची वाट व्हॉल्व्हकडं वळते आणि लाइन टू-वे होते. तसा असेल तर तुमचे बरेच पैसे वाचले. नसेल तर पाइप, होज, व्हॉल्व्ह आणि दोन्हीकडं दाबता येणारं पॅडल, एवढ्याचा खर्च कातरीच्या किमतीत धरूनच भाव करा. विक्रेता हा खर्च आपणहून सांगत नाही. मला नव्हता सांगितला.

आता दाब. वीस टनी मशिनीचा मुख्य दाब साधारण ३४० ते ३५० बारपर्यंत असतो, पण ब्रेकर चालतो १६० ते १८० बारवर, म्हणून त्या लाइनचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ठरलेल्या दाबाच्या वर तेल सोडून देणारा, कमी दाबावर लावलेला असतो. माझ्या मशिनीत तो १८० च्या आसपास होता. भाड्याच्या कातरीसोबत आलेल्या फिटरनं टू-वे होजा व्यवस्थित जोडून दिल्या, पण गेज लावून दाब कुणीच बघितला नाही. त्यानंही नाही, मीही नाही.

तेवढ्यानं काय फरक पडतो ते पाहा. त्या कातरीचा सिलिंडर आतून १२५ मिलिमीटर. म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण १२३ चौरस सेंटिमीटर. २५० बारवर तो ३१ टनाच्या आसपास ढकलतो. १८० बारवर साडेबावीस. कंपनीनं आकडा छापला २५० वर, आम्ही कापत होतो १८० वर, म्हणजे चौथा हिस्सा जोर घरीच ठेवून गेलो होतो. आणि जबडा उघडला का नाही? उघडताना तेल पिस्टनच्या दांड्याच्या बाजूनं येतं आणि दांडा तिथली जागा खातो. दांडा ८० मिलिमीटरचा असेल तर उरते ७२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १८० बारवर जेमतेम तेरा टन. साडेबावीस टनानं पातं लाकडात रोवलं आणि तेरा टनानं ते ओढून काढायला बघत होतो. पात्याच्या टोकाला प्रत्यक्ष किती जोर येतो ते जबड्याच्या तरफेवर अवलंबून असतं, पण प्रमाण हेच राहतं. तेव्हापासून ऑपरेटरला सांगून ठेवलंय: पातं अर्ध्यात अडखळलं तर पॅडलवर उभं राहायचं नाही. लगेच उघडायचं, बाजू बदलून दुसरीकडून घास घ्यायचा.

दाब वाढवायचा असेल तर गेज लावूनच, आणि फक्त त्या जादा लाइनचा रिलीफ. कातरीच्या कागदावर जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, त्याच्या पुढं नाही, आणि तुमच्या होजा तेवढ्या दाबाच्या आहेत याची खात्री करून. गावातला मेकॅनिक मुख्य रिलीफलाच चावी लावायला निघाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

तेलाच्या प्रवाहाची चर्चा लोक फार करतात, मला ती तेवढी महत्त्वाची वाटत नाही. या सिलिंडरचा स्ट्रोक ५० सेंटिमीटर धरला तर एकदा मिटायला सहा लिटर तेल लागतं. मिनिटाला ६० लिटर मिळालं तर सहा सेकंद, १२० मिळालं तर तीन. दिवसाला तीनशे घास घेतले तरी फरक पडतो पंधरा मिनिटांचा. तेवढा वेळ ऑपरेटर तंबाखू मळण्यात घालवतो. उलट प्रवाह कातरीच्या मर्यादेपेक्षा जास्त सोडला तर तेल तापतं. वीस टनी मशिनीचे पंप मिळून मिनिटाला चारशे लिटरच्या आसपास तेल फिरवू शकतात, छोट्या कातरीला ते सगळं पाजायचं नसतं.

दुसरी जागा जिथं लोक फसतात ती वजनाची. मशिनीच्या पुस्तकात उचल क्षमतेचा तक्ता असतो. तो उघडा आणि सरळ समोरचा रकाना सोडून बाजूचा रकाना बघा, कारण झाड धरून तुम्ही आडवे फिरणार आहात. त्या तक्त्यातले आकडे बहुधा मशीन पालथी पडेल त्या वजनाच्या ७५ टक्के किंवा हायड्रॉलिक ताकदीच्या ८७ टक्के, यातलं जे कमी ते असतं, आणि तेही सपाट, घट्ट जमिनीवर. भरावावर सपाट जमीन कुठून आणणार? त्या आकड्यातून कातरीचं वजन वजा करा. तक्ता बकेटसकट दिलाय की बकेटशिवाय तेही तळटीपेत असतं, ते वाचा. उरेल त्यात झाड बसलं पाहिजे.

झाडाचं वजन असं काढा. खाली ३० सेंटिमीटर जाड आणि १२ मीटर उंच निलगिरी, वर निमुळती होत गेलेली, म्हणजे साधारण ०.४ घनमीटर लाकूड. ओलं लाकूड घनमीटरला टनाच्या जवळपास. म्हणजे चारशे किलो, आणि पाला-फांद्या धरून अर्धा टन. अर्धा टन ऐकायला काही नाही. पण ते वजन जबड्यात नसतं, जबड्यापासून चार-पाच मीटर वर असतं. झाड उभं आहे तोवर ठीक. कललं की ते वजन त्या दिशेला चार-पाच मीटर लांब जातं आणि मशिनीला वाटतं कुणीतरी बूमला अचानक पहार लावली. माझी सात टनी मशीन बूम लांब करून आडवी फिरवली तर तक्त्यातला आकडा टनाच्या आसपासच उरतो. त्यातून कातरीचे साडेतीनशे-चारशे किलो गेले की हातात काय राहिलं ते तुम्हीच बघा. सात टनी मशिनीला सहा इंची झाडांपुरती छोटी कातर ठीक आहे. तिला ३०० ची कातर लावणारे मी पाहिलेत. पहिल्या दिवशी फोटो काढतात, नंतर दिसत नाहीत. आणि बाभळीचा पसारा निलगिरीसारखा सरळ नसतो. एकीकडं झुकलेली असेल तर आधी वरच्या फांद्या उतरवा, मग बुंधा.

फिरणारी कातर घ्यावी का साधी, हा प्रश्न येतोच. फिरणारीला खाली रोटेटर असतो, झाड कुठल्याही कोनात पकडता येतं, धरून वळवून हवं तिथं ठेवता येतं. वायरीखाली आणि फांद्या छाटायला तिच्यासारखी नाही. पण रोटेटरचं वजन वाढतं, त्याला तेलाची आणखी एक लाइन लागते किंवा बटणावर वाट बदलणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि झाड तिरकं सुटलं की सगळा पीळ त्याच्या बेअरिंगवर येतो. साध्या कातरीला ऑपरेटरनं मशीन झाडासमोर नीट उभी करावी लागते. मी मधला मार्ग धरला. कातर फिरत नाही, पण टिल्ट आहे. झाड उभं पकडून कापायचं आणि जबड्यासकट आडवं निजवायचं. चारीवर मशीन एकाच रेषेत चालते, तिथं एवढं पुरतं. बागांत, वस्तीत काम असेल तर रोटेटरशिवाय जाऊ नका.

कातर बघायला जाल तेव्हा रंगावर जाऊ नका, खाली वाका. पातं आणि त्याच्यासमोरची पट्टी यांच्यात किती फट आहे बघा. फट जास्त असेल तर साल आणि तंतू त्यात ओढले जातात, झाड कापलं जातं पण सालीच्या दोरीवर लोंबकळत राहतं आणि ऑपरेटर मशीन हलवून तोडायला बघतो. तिथंच पिना ढिल्या होतात. पातं बोल्टवर हवं, वेल्ड केलेलं नको. उलटं करून दुसरी धार वापरता येत असेल तर उत्तम. पात्याचं स्टील कुठलं ते कागदावर लिहून मागा. हार्डॉक्ससारखी झीज सोसणारी प्लेट असेल तर बरं, नुसतं "स्पेशल स्टील" म्हणाले तर समजून जा. होजा फ्रेमच्या आतून नेल्यात का उघड्या आहेत? उघडी होज बाभळीच्या रानात आठवडाभर टिकत नाही. सिलिंडरच्या दांड्यावर पत्र्याचं कव्हर आहे का? आणि एक गोष्ट विचाराच: सिलिंडरवर लॉक व्हॉल्व्ह आहे का. झाड हवेत धरलेलं असताना होज फुटली तर त्या व्हॉल्व्हमुळं जबडा मिटलेला राहतो. नसेल तर झाड सुटतं, आणि ते कुठं पडेल हे तेव्हा कुणाच्या हातात नसतं.

बसवायची मापं चार: पिनेचा व्यास, दोन पिनांमधलं अंतर, आर्मच्या टोकाची रुंदी आणि बकेट लिंकची रुंदी. स्वतः मोजून द्या, मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, कारण जुन्या मशिनीत कुणी बुश (पिन बसते ती आतली नळी) बदललेलं असतं, कुणी पिन. झिजलेल्या जागी माप घेऊ नका, पिन काढून तिच्या न झिजलेल्या टोकाला व्हर्नियर लावा.

बाहेरून आणलेली घ्यायची की इथल्या वर्कशॉपमध्ये बनवलेली? बाहेरची फिनिशिंगला चांगली, पण सील किटसाठी तीन आठवडे थांबायची तयारी ठेवा. इथली दिसायला ओबडधोबड, पण तिचं बुश आमचा लेथवाला संध्याकाळपर्यंत करून देतो. मी इथली घेतली. घेताना सिलिंडरच्या सीलची मापं कागदावर घेतली आणि एक जादा किट तिथंच विकत घेतलं.

ट्रायल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका आणि ट्रायलला स्वतःचं लाकूड न्या. विक्रेत्याच्या आवारात सुबाभळीचे ओले ओंडके मांडून ठेवलेले असतात, ते काकडीसारखे कापले जातात. तुम्ही ट्रॉलीत वाळलेल्या बाभळीचे दोन-तीन बुंधे टाकून न्या, आठ इंची, दहा इंची. गेज लावायला सांगा. सलग अर्धा तास कापायला लावा आणि तेलाच्या तापमानाचा काटा बघत राहा. झाड पकडून पाच मिनिटं तसंच धरून ठेवा, इंजिन बंद करून. जबडा ढिला पडतो का ते कळतं. मी दहा इंची बाभूळ काढली तेव्हा विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "साहेब, एवढं वाळलेलं कोण कापतं?" मी म्हटलं, मी.

पैशाचा हिशोब शाळेतल्या गणितासारखाच करा. समजा कातर, टू-वे लाइन, केबिनची जाळी धरून सहा लाख गेले. बकेटच्या तासापेक्षा कातरीचा तास चारशेनं जास्त मिळतो असं धरा. म्हणजे दीड हजार तास झाल्यावर पैसे फिटले. आमच्याकडं झाडांचं काम दिवाळीपासून पहिल्या पावसापर्यंत, आणि तेही आवर्तनाच्या तारखा सांभाळून. वर्षाला अडीचशे तास झाले तर पुष्कळ. सहा वर्षं! हे गणित मांडल्यावर मी एकट्यानं घ्यायचा विचार सोडला आणि करमाळ्याच्या एका मशीनवाल्याबरोबर भागीत घेतली. त्याची मशीनही वीस टनी, पिनांची मापं जवळजवळ सारखी, एक बुश बदलावं लागतं एवढंच. तुमचा आकडा वेगळा येईल, पण मांडल्याशिवाय घेऊ नका.

कामावर जायच्या आधी कागद. खासगी रानातली झाडंही सरसकट तोडता येत नाहीत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ मध्ये झाडांची यादी आहे. साग, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, खैर, हिरडा, चंदन, ऐन, किंजळ अशी ती आहेत, त्यांना वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि तिथं वृक्ष प्राधिकरण. लाकूड रस्त्यावरून नेण्याची परवानगी ही आणखी वेगळी गोष्ट. मालक म्हणेल, मी बघतो. तुम्ही कागद हातात घेऊनच मशीन उतरवा, कारण जागेवर सापडते ती मशीन, मालक नव्हे. कातर येड्या बाभळीच्या रानात शिरते आणि मध्येच एक जांभूळ उभी असते. ती ऑपरेटरला ओळखू आली पाहिजे. मी आदल्या दिवशी चुन्यानं खुणा करून ठेवतो.

झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस नको, हेल्परसुद्धा. समोरची काच साधी ठेवू नका, जाळी किंवा पॉलिकार्बोनेट बसवा, तुटलेली फांदी भाल्यासारखी येते. झाड केबिनवरून कधी फिरवायचं नाही. तार जवळ असेल तर महावितरणला सांगून लाइन बंद केल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. होज गळत असेल तर हातानं चाचपायचं नाही, पुठ्ठा धरून बघा. बारीक छिद्रातून दाबाचं तेल कातडीत घुसतं आणि त्यात बोटं गेलेली आहेत. आणि कापायच्या आधी मान वर करून झाड नीट बघा, आग्या मोहोळ आहे का. आमच्या ऑपरेटरनं एकदा बघितलं नाही. केबिनची काच तेवढी दोन बोटं उघडी होती. तो उडी मारून चारीच्या पाण्यात जाऊन बसला, मशीन दोन तास चालू स्थितीत तशीच उभी.

रेडिएटर रोज संध्याकाळी हवेनं साफ करा, दुपारीही केलात तर चांगलं. बाभळीचा पाला बारीक असतो, जाळीतून आत जाऊन थर करतो आणि मग लोक म्हणतात कातरीनं मशीन गरम होते. ग्रीस चार तासांनी. धार लावायला ग्राइंडर हळूहळू फिरवा, पातं निळं पडलं की त्याचं पाणी गेलं.

सध्या कातर करमाळ्याला आहे, सोमवारी माझ्याकडं येईल. आली की आधी पातं बघणार आहे. आमचा भागीदार माणूस सज्जन, पण शेताच्या बांधावरची झाडं तो कुंपणाच्या तारेसकट कापतो. जुन्या बांधावर तार बुंध्यात वाढलेली असते, बाहेरून दिसत नाही, हात फिरवला की कळते. मागच्या वेळी धारेला तीन दाते पडले होते. त्यानं फोनवर शपथेवर सांगितलं की दगड लागला. एका दात्यात बाइंडिंग वायरचा तुकडा अजून अडकलेला होता.